शाळेची फी म्हणजे तुझं एक वर्ष

वाचकाचं पत्र:

दादा, मी छत्तीस वर्षांचा आहे. बहिणीने केलेल्या अर्जावर दोन वर्षांपूर्वी बायको-मुलांसह ग्रीन कार्डवर अमेरिकेत आलो. सध्या न्यू जर्सीत एका गोदामात रात्रपाळी करतो. नाशिकला सात वर्षं दहा टायरची गाडी चालवली आहे. आता एका मोठ्या ट्रक कंपनीच्या शाळेची जाहिरात पाहिली. फी नाही, राहायची सोय त्यांची, बसचं तिकीटही तेच देतात. फक्त नंतर एक वर्ष त्यांच्याकडे गाडी चालवायची. बायको म्हणते, फुकट कुणी काही देत नाही, यात काहीतरी गोम आहे. मुलगी आठ वर्षांची, मुलगा तीन. माझं इंग्रजी कामापुरतं. सही करू का? आणि लायसन्स मिळाल्यावर पुढे काय होतं, हे कुणी नीट सांगत नाही.
– तुमचा धाकटा भाऊ समजा

प्रिय भाऊ,

धाकटा भाऊ म्हणालास, म्हणून अरे-तुरे करतो.

तुझ्या बायकोचं बरोबर आहे. कंपनी तुझ्याकडून फी घेत नाही, ती तुझं पुढचं एक वर्ष आगाऊ विकत घेते. हे कळून, घरात बोलून, दोघांना पटून सही करणार असशील तर खुशाल जा. मी स्वतः अशाच शाळेत शिकलो, आणि गेली सतरा वर्षं याच धंद्यावर माझं घर चाललं आहे. पण करार आधी मागव, ईमेलने. बसने सातशे मैल जाऊन, मोटेलवर अनोळखी माणसाबरोबर रात्र काढून, सकाळी वर्गात तो कागद हातात येतो, मागे वीस जणांची रांग असते आणि परतीचं तिकीट खिशात नसतं. तिथे कुणी वाचत नाही, मीही वाचला नव्हता. ‘इथे आल्यावर देऊ’ असं म्हणाले तर ती शाळा सोड, अशा कंपन्या अनेक आहेत.

करार आला की तुम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर बसून तो पेन्सिल घेऊन वाचा. सगळ्यात आधी शोधायचं ते म्हणजे वर्ष कधी सुरू होतं. सही केल्यापासून, लायसन्स मिळाल्यापासून, की ट्रेनरच्या गाडीतून उतरून एकट्याने पहिला लोड उचलल्यापासून? या तीन तारखांमध्ये सहज तीन-चार महिन्यांचं अंतर पडतं. काही करारांत वर्षाऐवजी माइल्सचा आकडा असतो. लोड कमी मिळाले की ते वर्ष लांबत जातं, आणि लोड देणं कंपनीच्या हातात असतं.

दुसरं, मध्येच सोडलंस तर किती भरायचं. समजा करारात शाळेची किंमत 6,000 डॉलर लिहिली आहे. दर महिन्याला 500 डॉलर फिटत जाणार असतील, तर सात महिन्यांनी निघालास तरी 2,500 उरतात. पण ‘बारा महिने पूर्ण न केल्यास संपूर्ण रक्कम देय’ असं असेल, तर अकराव्या महिन्यातही पूर्ण सहा हजार अंगावर येतात. त्यावर व्याज आहे का, वसुली एजन्सीकडे देणार का, तेही बघ. आणि त्यांनीच काढून टाकलं तर? पाठ धरली, डॉक्टरांनी मेडिकल कार्ड दिलं नाही तर? चांगल्या करारात याचं उत्तर लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर विचार, आणि उत्तर ईमेलवर घे. रिक्रूटर फोनवर गोड बोलतो, पण फोनवरचं बोलणं नंतर कुठे दाखवणार?

आणखी एक गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते. अशा करारात अडकलेला ड्रायव्हर दुसऱ्या कंपन्या सहसा घेत नाहीत. त्यामुळे वर्षाच्या मध्ये सोडणं म्हणजे पैसेही द्यायचे आणि घरीही बसायचं.

हे सगळं वाचून शाळा वाईटच, असं समजू नकोस. नवशिक्याला विम्याच्या अटींमुळे बऱ्याच कंपन्या दारात उभं करत नाहीत, त्यांना निदान वर्षभराचा अनुभव लागतो. शाळा चालवणाऱ्या कंपन्या ती जोखीम घेतात आणि बदल्यात वर्ष मागतात. तुझा नाशिकचा अनुभव तुला वैयक्तिक खूप उपयोगी पडेल, पण कागदावर तो शून्य धरला जाईल. कॅनडा आणि मेक्सिको सोडून अमेरिका दुसऱ्या कुठल्याही देशाचं व्यावसायिक लायसन्स मानत नाही. 7 फेब्रुवारी 2022 पासून तर पहिल्यांदा सीडीएल, म्हणजे मोठ्या गाड्यांचं व्यावसायिक लायसन्स, काढणाऱ्या प्रत्येकाला केंद्र सरकारच्या यादीत नोंदलेल्या संस्थेतूनच शिकावं लागतं. ही यादी ‘ट्रेनिंग प्रोव्हायडर रजिस्ट्री’ या नावाने ऑनलाइन आहे. तुझ्या शाळेचं नाव तिच्यात आहे ना, हे आज रात्रीच बघ.

सही करण्याआधी एक फेरी मात्र मार. तुमच्या काउंटीच्या अमेरिकन जॉब सेंटरमध्ये जाऊन ‘विओआ’ची, म्हणजे कामाचं शिक्षण घेणाऱ्यांसाठीच्या सरकारी योजनेची, मदत ट्रक लायसन्ससाठी मिळते का विचार. 2014 च्या कायद्याखाली हा पैसा येतो आणि पात्र ठरलास तर कम्युनिटी कॉलेजची किंवा खासगी शाळेची फी त्यातून भरली जाते. मग तुझ्यावर कुठलंच वर्ष चढत नाही. वेळ लागतो, कागद लागतात, नकारही येऊ शकतो. पण एका दुपारचं काम आहे, आणि त्यावर एक वर्ष वाचू शकतं.

कंपनीची शाळाच ठरली, तर घर सोडण्याआधी तीन गोष्टी उरकून घे.

परमिट, म्हणजे शिकाऊ लायसन्स, इथेच काढ. न्यू जर्सीचं सीडीएल मॅन्युअल ऑनलाइन फुकट मिळतं. जनरल नॉलेज, एअर ब्रेक आणि कॉम्बिनेशन (ट्रेलर जोडलेली गाडी) ही तीन प्रकरणं दोनदा वाच. परमिट हातात आल्यावर किमान 14 दिवस गेल्याशिवाय गाडीची परीक्षा देता येत नाही. ते दिवस मोटेलवर काढण्यापेक्षा घरी निघून गेलेले बरे. त्याच वेळी टँकर आणि डबल-ट्रिपलची (दोन-तीन ट्रेलर ओढण्याची) लेखी परीक्षाही देऊन टाक. आत्ता उपयोग नाही, वर्षभराने होईल.

दुसरं, डीओटी मेडिकल, म्हणजे ड्रायव्हरसाठी सक्तीची वैद्यकीय तपासणी, स्वतः करून घे, भले पदरचे पैसे जावोत. रक्तदाब 140/90 च्या खाली असेल तर दोन वर्षांचं कार्ड मिळतं, त्याच्या वर गेला तर मुदत कमी होते, आणि 180/110 च्या पुढे तर कार्डच नाही. रात्रपाळी करणाऱ्या माणसाचा रक्तदाब त्याला स्वतःलाच माहीत नसतो. माझ्या तुकडीतला एक जण तीन दिवसांचा बसप्रवास करून आला आणि पहिल्या दुपारी रक्तदाबावरून परत गेला. जाताना तो कुणाशीही बोलला नाही.

तिसरं, नशा. न्यू जर्सीत गांजा दुकानात मिळतो म्हणून चालतो असं नाही. सीडीएलला केंद्राचा नियम लागतो आणि त्यात तो पूर्ण बंद आहे. दुकानातल्या गमीज आणि सणाची भांगही त्यातच आली. चाचणीत सापडलास तर नाव केंद्राच्या क्लिअरिंगहाऊसमध्ये, म्हणजे नशेत सापडलेल्या ड्रायव्हरांच्या नोंदवहीत, जातं, प्रत्येक कंपनी ते बघते, आणि नोव्हेंबर 2024 पासून राज्य सीडीएलच काढून घेतं. तू यातला नसशील, तरी मोटेलवरचा जोडीदार देईल ते तोंडात टाकू नकोस.

आता इंग्रजीबद्दल, कारण ती भीती मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त दिसली. नियम जुना आहे: ड्रायव्हरला लोकांशी बोलता आलं पाहिजे, रस्त्यावरच्या पाट्या कळल्या पाहिजेत, अधिकाऱ्याच्या प्रश्नांना उत्तर देता आलं पाहिजे, नोंदी लिहिता आल्या पाहिजेत. पण 25 जून 2025 पासून त्याची अंमलबजावणी कडक झाली आहे. तपासणीत इंग्रजी जमलं नाही तर अधिकारी तिथल्या तिथे गाडी थांबवतो, आणि त्या मुलाखतीत दुभाषी किंवा फोनवरचं भाषांतर चालत नाही. कुठून आलास, कुठे चाललास, काय भरलंय, किती वेळ चालवतोयस, कागद दाखव. एवढंच विचारतात. तुझ्या मुलीला अधिकारी कर आणि रोज रात्री तिला उत्तरं दे. पाट्यांचे फोटो काढून तिच्याकडूनच अर्थ विचारून घे. आठ वर्षांची पोर चुकलेला शब्द सोडत नाही.

शाळेत इंग्रजी आणखी एका ठिकाणी लागतं. परीक्षेचा पहिला भाग गाडीची तपासणी. एकेक भाग बोटाने दाखवून मोठ्याने नाव घ्यायचं आणि तो कसा असायला हवा ते सांगायचं. ‘नॉट क्रॅक्ड, बेंट ऑर ब्रोकन’ हे वाक्य तू झोपेतही म्हणशील. नाशिकला तूही सकाळी टायर ठोकून, रेडिएटर बघूनच गाडी काढत असशील. हात तेच करतात, तोंडाला तेवढं शिकवायचं आहे. एअर ब्रेकची चाचणी मात्र शब्दशः पाठ हवी. इंजिन बंद, चावी चालू, ब्रेक दाबून एक मिनिट धरायचा, हवा 4 पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये. मग ब्रेक पंप करत राहायचं. हवा 55 च्या खाली जायच्या आत इशारा वाजला पाहिजे, आणि 20 ते 45 च्या दरम्यान पार्किंगची बटणं आपोआप बाहेर आली पाहिजेत. इथे एक पायरी चुकली की परीक्षा तिथेच संपते.

आणि मग रिव्हर्स. भाऊ, तू सात वर्षं उजवीकडे बसून, उजव्या आरशात बघून गाडी मागे घेतली आहेस, आणि तुझ्या मागे क्लीनर होता. ‘येऊ दे, येऊ दे... बस्स!’ आणि पत्र्यावर थाप. इथे तू डावीकडे बसणार, आंधळी बाजू उजवी होणार, मागे 53 फुटांचा ट्रेलर आणि थाप मारायला कुणी नाही. ट्रेलर उजवीकडे न्यायचा तर स्टिअरिंग डावीकडे फिरवावं लागतं. सुरुवातीला हात स्टिअरिंगच्या खालच्या भागावर धर, मग हात ज्या बाजूला जाईल त्याच बाजूला ट्रेलरचं बूड जातं. हळू. थोडंसं फिरव आणि थांबून बघ. ज्यांना तुझ्यासारखा जुना हात असतो ते पहिल्या आठवड्यात नवख्यांपेक्षा मागे पडतात, कारण हाताला आधी जुनं विसरावं लागतं. त्या आठवड्यात धीर सोडू नकोस.

लायसन्स मिळालं की ट्रेनरबरोबर काही आठवडे त्याच्या गाडीत. इथे रिक्रूटरला एक प्रश्न आधीच विचारून ठेव: मी चालवत असताना ट्रेनर शेजारी जागा असेल, की मागे बंकवर झोपलेला? परमिटवर असताना त्याने पुढच्या सीटवर असणं कायद्याने बंधनकारक आहे. पण सीडीएल हातात आलं की तो नियम उरत नाही, आणि काही ठिकाणी तिसऱ्या-चौथ्या दिवसापासूनच टीमसारखी गाडी पळवतात. तू रात्री चालवायचं, तो झोपणार, आणि ते तुझं ‘प्रशिक्षण’. ट्रेनर बदलून मागता येतो का, हेही विचार. या काळात पगार बहुतेक ठिकाणी आठवड्याचा ठरलेला असतो, आणि तो थोडा असतो. शाळेच्या आठवड्यांत तर अनेकदा काहीच मिळत नाही. त्यामुळे तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला काढल्याशिवाय निघू नकोस, आणि आरोग्यविमा कोणत्या तारखेपासून सुरू होतो ते तुझ्या बायकोला लिहून दे.

पगाराच्या जाहिरातींबद्दल एक आकडा हाताशी ठेव. सरकारी कामगार आकडेवारीनुसार मे 2024 मध्ये मोठे ट्रक चालवणाऱ्यांचा मधला वार्षिक पगार 57,440 डॉलर होता. निम्मे त्याच्या वर, निम्मे खाली, आणि त्यात वीस-वीस वर्षं चालवणारेही आले. पहिल्या वर्षाला याच्या फार वरचा आकडा कुणी सांगत असेल तर विचार, ‘गेल्या वर्षी तुमच्या नव्या ड्रायव्हरला आठवड्याला सरासरी किती माइल्स मिळाले?’

कारण पैसे माइल्सचे मिळतात आणि घड्याळ मात्र सगळ्याचं चालतं. दहा तास विश्रांतीनंतर कामाला लागलास की 14 तासांची खिडकी उघडते, तिच्यात 11 तास चालवता येतं. सकाळी सहाला सुरुवात केलीस आणि गोदामाने अकरापर्यंत डॉकवर, माल चढवायच्या-उतरवायच्या जागी, बसवून ठेवलं, तरी रात्री आठला तुझा दिवस संपतो. ट्रकमधलं इलेक्ट्रॉनिक लॉग ते पाच तास परत देत नाही. डॉकवरच्या ताटकळण्याचे पैसे कधीपासून आणि किती, हे कराराबरोबरच विचार. आणि रात्रीची जागा दुपारीच ठरव. संध्याकाळ झाली की ट्रक स्टॉप भरतात. जागा न मिळाल्याने बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर झोपलेल्या जेसन रिव्हनबर्ग नावाच्या ड्रायव्हरचा 2009 मध्ये खून झाला. त्याच्या नावाने 2012 मध्ये कायदाही झाला, पण जागा अजून पुरत नाही.

माझी एक रात्र सांगतो. पहिलाच हिवाळा, नेब्रास्कात आय-80 वरचा ट्रक स्टॉप, रात्रीचे दहा. दोन गाड्यांच्या मध्ये एकच जागा उरली होती. मी एकदा उतरून पाहिलं, निम्मा मागे घेतला, कोन बदलला, आणि दुसऱ्यांदा उतरलो नाही. बाहेर वारा होता, हातमोजे शोधायचा कंटाळा आला. ट्रेलरचा उजवा कोपरा शेजारच्या गाडीच्या बॉनेटमध्ये घुसला. त्या गाडीत माणूस झोपलेला होता, तो अनवाणीच खाली उतरला. त्याला काही झालं नाही, पण त्याचा तो चेहरा मी विसरलेलो नाही. ‘टाळता येण्यासारखा अपघात’ अशी नोंद झाली. पुढची तीन वर्षं प्रत्येक मुलाखतीत तिच्याबद्दल विचारलं, आणि दोन ठिकाणी तिच्यावरूनच नकार आला. तेव्हापासून मी उतरतो. चार वेळा लागलं तर चार वेळा. मागचे हॉर्न वाजवू देत. पहिल्या वर्षात माइल्सची स्पर्धा करू नकोस, नोंद कोरी ठेव. वर्षभराने घराजवळचं, रोज रात्री घरी आणणारं काम मागायला जाशील, तेव्हा समोरचा माणूस तुझे माइल्स मोजणार नाही, तुझी नोंद उघडेल.

म्हणून ‘नाही’ म्हणायला शिक. वायोमिंगमध्ये वाऱ्याने रिकामे ट्रेलर आडवे होतात. कोलोरॅडोत आय-70 च्या डोंगराळ पट्ट्यात 1 सप्टेंबर ते 31 मे गाडीत साखळ्या ठेवाव्याच लागतात. तुला लोड देणारा डिस्पॅचर उबदार ऑफिसात असतो. झोप येत असेल, रस्ता गोठला असेल, ब्रेकमध्ये दोष असेल, तर ट्रकमधल्या टॅबलेटवर लेखी कळव की सुरक्षित नाही, म्हणून थांबतोय. असं थांबल्याबद्दल शिक्षा करायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. शिक्षा केलीच, तर 180 दिवसांच्या आत ‘ओशा’ या कामगार-सुरक्षेच्या केंद्रीय खात्याकडे तक्रार करता येते. फोनवर बोलणं झालं तरी नंतर दोन ओळी लिहून पाठव.

सहा-आठ महिन्यांनी कुणीतरी पाठीवर हात ठेवून म्हणेल, ‘स्वतःची गाडी घे, आम्हीच लीजवर देतो, मालक हो.’ घेऊ नकोस. आठवड्याचा हप्ता, डिझेल, दुरुस्ती तुझ्या माथी आणि लोड त्यांच्या हातात, असा तो व्यवहार असतो. या लीज-पर्चेस योजनांवर केंद्राने नेमलेल्या समितीने जानेवारी 2025 मध्ये अहवाल दिला आणि त्या बंदच कराव्यात अशी शिफारस केली. स्वतःची गाडी घ्यायचीच, तर अनुभव गाठीला बांधून आणि बँकेकडून.

राहता राहिलं घर. लांब पल्ल्याच्या कामात आठवडे-आठवडे बाहेर राहावं लागतं, आणि तुझा मुलगा तीन वर्षांचा आहे. या वर्षाचा खरा भार तुझ्या बायकोवर पडणार आहे, तेव्हा सहीआधी तिचं होकारार्थी मान हलवणं पुरे समजू नकोस. कोण कधी मुलांना आणणार, ती कामावर असताना मुलगा तापला तर बहीण येणार का, किती आठवड्यांनी तू घरी येणार, हे कागदावर मांडा. इन्व्हर्टरवर चालणारा छोटा कुकर मात्र पहिल्या पगारातून घे. ट्रक स्टॉपच्या तळणावर वर्ष काढलंस तर रक्तदाबाचं कार्ड पुढच्या वेळी मिळणार नाही, आणि रात्री नऊला गाडीत वरणभाताचा वास सुटला की घरी केलेला फोनही जरा लांबतो.

परमिटचा अभ्यास या शनिवारी सुरू कर. करार आला की नाव-पत्ता झाकून मुदतीचं आणि परतफेडीचं पान मला पाठव, मी वाचून कळवतो. तोवर सही नाही.

तुझा,
दादा